कपडे धुताना नेमके काय खर्च होते?

धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावर हिरवे पान छापलेले असले, नावात ‘नैसर्गिक’ किंवा ‘शुद्ध’ असा एखादा शब्द असला, की आपले धुणे पर्यावरणाला जपणारे झाले असे आपण सहज मानतो. पुड्यात काय आहे हा मात्र या हिशेबाचा केवळ एक भाग आहे आणि पुष्कळदा तो सर्वांत मोठा भागही नसतो. पाणी तापवायला किती ऊर्जा लागली, कपडे सुकवायला किती लागली, तो कपडा मुळात धुण्याची गरज होती का आणि प्रत्येक धुण्यात कापड किती झिजले, हे प्रश्न विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

हा हिशेब समजून घेण्यासाठी एक जुनी मांडणी उपयोगी पडते. १९५९ साली हर्बर्ट सिन्नर या जर्मन रसायनतज्ज्ञाने स्वच्छतेच्या कोणत्याही कामाचे चार घटक सांगितले: रसायन, तापमान, घासणे किंवा आपटणे म्हणजेच यांत्रिक जोर, आणि वेळ. या चौघांत काम वाटलेले असते. एकाचा वाटा कमी केला, की तो भार उरलेल्या तिघांपैकी कोणाला तरी उचलावा लागतो. रसायन शेवटी सांडपाण्यात जाते, तापमान ऊर्जा खाते, जोर कापड झिजवतो; वेळ मात्र जवळजवळ फुकट मिळतो. म्हणूनच मशीनमधला ‘इको’ नावाचा कार्यक्रम तीन-तीन तास चालतो. इतका वेळ मशीन चालले म्हणजे वीजही तितकीच जास्त गेली, असा अनेकांचा समज असतो. पण पिंप फिरवणाऱ्या मोटारीला वीज थोडीच लागते, मोठा वाटा पाणी तापवणाऱ्या कॉइलचा असतो. लांब कार्यक्रमात पाणी कमी तापवतात आणि राहिलेले काम वेळाकडून करून घेतात. हाताने धुणाऱ्यांना ही युक्ती ‘भिजत घालणे’ या नावाने चांगली माहीत आहे.

आधी रसायनाकडे पाहू. घाम, तेल आणि त्वचेतून सुटणारी स्निग्धता पाण्यात विरघळत नाही आणि बाहेरची धूळ तिलाच चिकटून बसते. साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे असते, तर दुसरे, लांब शेपटासारखे टोक पाण्यापासून पळून तेलात शिरणारे असते. अशा असंख्य रेणूंची शेपटे तेलाच्या कणात रुतली, की त्यांची पाणीप्रिय टोके बाहेरच्या बाजूला राहतात, कणाभोवती जणू एक वेष्टण तयार होते आणि तो कण कापड सोडून पाण्यात तरंगू लागतो. पुढचे काम खळबळण्याचे. या साऱ्या व्यवहारात फेसाची भूमिका नगण्य आहे. फेस भरपूर झाला म्हणजे कपडे स्वच्छ निघाले ही समजूत इतकी पक्की आहे, की उत्पादकही तिची मर्जी राखतात. पण मशीनमध्ये जास्त झालेला फेस उशीसारखा मध्ये येतो, कपडे एकमेकांवर नीट घासले जात नाहीत आणि तो काढून टाकण्यासाठी वर आणखी पाणी खर्च होते.

पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर साधा साबण त्या क्षारांशी जोडला जाऊन चिकट साका तयार होतो आणि तो कापडावरच बसतो. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. डिटर्जंट या बाबतीत साबणापेक्षा सोशिक असतात, तरीही क्षारांना अडवून ठेवणारा एखादा घटक त्यांच्यात घालावाच लागतो. दीर्घकाळ हे काम फॉस्फेटकडे होते आणि ते उत्तम करत होते. अडचण अशी, की फॉस्फरस हे वनस्पतींचे खाद्य आहे. सांडपाण्यातून तलावात गेलेल्या फॉस्फेटवर शेवाळ माजते, ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. स्वित्झर्लंडने १९८६ साली धुण्याच्या डिटर्जंटमधून फॉस्फेट हद्दपार केले, तर युरोपीय संघाने घरगुती धुण्याच्या डिटर्जंटवर २०१३च्या मध्यापासून कडक मर्यादा घातली. फॉस्फेटची जागा मुख्यतः झिओलाइट आणि सायट्रेटसारख्या घटकांनी घेतली. त्याही आधी, १९५०च्या दशकात, डिटर्जंटमधल्या एका प्रमुख रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची असल्याने जीवाणूंना ती तोडता येत नसे आणि नद्यांवर फेसाचे थर तरंगत. १९६०च्या दशकात तीच शेपटी सरळ केली गेली आणि जीवाणू तिचे विघटन करू लागले. लेबल वाचताना म्हणूनच तीन गोष्टी पाहाव्यात: फॉस्फेट नाही ना, घटकांचे जैविक विघटन होते का, आणि एका धुण्याला किती माप सांगितले आहे.

या तिन्हींत मापाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. झाकण भरून ओतण्याची सवय असते आणि झाकणाच्या आतली रेघ कोणी पाहत नाही. गरजेपेक्षा जास्त घातलेले डिटर्जंट कपडे अधिक स्वच्छ करत नाही. ते धाग्यांत अडकून राहते, कापड कडक आणि निस्तेज करते, पुढचा मळ धरून ठेवते. टॉवेल कडक झाले असतील तर एखादे धुणे डिटर्जंट अजिबात न घालता करून पाहावे. तरीही पाण्यावर फेस दिसला, तर तो मागच्या धुण्यांतला शिल्लक साठा आहे. पाणी मऊ असेल आणि कपडे फारसे मळलेले नसतील, तर सांगितलेल्या मापातही कपात करून चालते.

आता उष्णता. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. मशीनमध्ये एका धुण्याला १५ लिटर पाणी तापवले जाते असे धरू. ते २० अंश सेल्सियसवरून ६० अंशांवर न्यायचे तर सुमारे ०.७ युनिट वीज लागते, ३० अंशांपर्यंतच न्यायचे तर ०.१७ युनिट, म्हणजे चौथा हिस्सा. पिंप आणि कपडे तापवायला लागणारी ऊर्जा यात धरलेली नाही. पुड्यावरच्या कोणत्याही हिरव्या पानापेक्षा तापमानाची ही एक कळ अधिक काम करते.

थंड पाण्यात मळ निघतो तो विकरांमुळे, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो. ऑटो र्‍योम या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९१३ साली प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकरे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले होते. आजची विकरे मात्र सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतात. प्रोटिएज हे विकर रक्त, दूध, घाम यांतली प्रथिने तोडते, अमायलेज पिष्टमय डाग तोडते, लायपेज स्निग्ध पदार्थांवर काम करते आणि सेल्युलेज सुती कापडावर उभे राहिलेले बारीक तंतू कापून ते गुळगुळीत ठेवते. विकरे अगदी थोड्या प्रमाणात पुरतात, त्यांचे विघटन सहज होते आणि ती २० ते ३० अंशांतही काम करतात. त्यांची अट एकच, त्यांना वेळ द्यावा लागतो. अर्ध्या तासाचे भिजवणे आणि १५ मिनिटांचा घाईचा कार्यक्रम यांत फरक पडतो तो इथे. सगळ्याच डिटर्जंटमध्ये विकरे नसतात, म्हणून घटकांच्या यादीत ती आहेत का हे पाहावे.

उष्णतेची गरज कधीच नसते असे मात्र नाही. घरात संसर्गजन्य आजार असेल, बाळाचे कापडी लंगोट असतील, किंवा धुळीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असेल, तर त्या कपड्यांना आणि पांघरुणांना ६० अंशांचे पाणी योग्य ठरते. हे माइट ५५ अंशांच्या वर मरतात. कायम थंड पाण्यात धुणाऱ्या मशीनच्या आत, रबराच्या वळीत आणि डिटर्जंटच्या कप्प्यात, जीवाणूंचा बुळबुळीत थर साचतो आणि कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. त्यासाठी अधूनमधून एक गरम धुणे करावे आणि धुणे झाल्यावर मशीनचे दार उघडे ठेवावे. त्या वासावर सुगंधी द्रव्य ओतण्यात अर्थ नाही.

घरगुती उपायांविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जो फसफसाट होतो तो पाहायला छान वाटतो. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, ज्यात मळ काढण्याची काहीच ताकद नसते. वेगवेगळे वापरले तर दोघांनाही काम आहे: खाण्याचा सोडा वास कमी करतो, आणि खळबळण्याच्या शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातल्यास साबणाचा व क्षारांचा साका सुटायला मदत होते, मात्र ते नेहमी वापरल्यास मशीनच्या रबरी भागांना त्रास होऊ शकतो. सोड्यांमध्ये खरा कामाचा तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो पाणी मऊ करतो आणि स्निग्ध मळ सैल करतो. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचे, साबणासारखेच वागणारे द्रव्य असते. हलका मळ आणि नाजूक कपडे यांसाठी रिठा चांगला आहे. जुन्या तेलकट डागापुढे मात्र तो दुबळा पडतो. आणि सॅपोनिन माशांना विषारी असते, ही गोष्ट ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. रिठ्याचे पाणी थेट ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये.

डागांच्या बाबतीत वेळेचा अर्थ उलटा होतो: डाग पडल्यावर जितका वेळ जाईल तितका तो पक्का होतो. रक्त, अंडे, दूध यांचे डाग गरम पाण्यात कधीही टाकू नयेत, कारण उष्णतेने प्रथिन गोठते आणि धाग्याला धरून बसते. थंड पाणी आणि विकरयुक्त डिटर्जंट हाच त्यावर उपाय. तेलाच्या डागावर धुण्याआधी डिटर्जंटचा एक थेंब चोळून तो थोडा वेळ तसाच ठेवावा. चहा, कॉफी किंवा फळांच्या रसाचे रंगीत डाग ऑक्सिजन सोडणाऱ्या विरंजकाने, म्हणजे ब्लीचने, फिके होतात. अशा विरंजकातले सोडियम परकार्बोनेट पाण्यात विरघळले, की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा मिळतो आणि पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि प्राणवायू होतात. ते कोमट पाण्यात चांगले काम करते, अगदी थंड पाण्यात रेंगाळते. हे विरंजक पावडरीत असते, पातळ डिटर्जंटमध्ये बहुधा नसते, म्हणून पांढऱ्या कपड्यांना पावडर आणि रंगीत कपड्यांना पातळ डिटर्जंट ही विभागणी रास्त आहे. क्लोरीनवर चालणारे विरंजक, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, धागे कमजोर करते आणि सांडपाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी मिळून नको ती क्लोरीनयुक्त संयुगे तयार करते. ते वापरायचेच असेल, तर व्हिनेगर किंवा कोणत्याही आम्लाबरोबर अथवा अमोनियाबरोबर कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतात.

कपडे मऊ करणारे द्रावण, ज्याला सॉफ्टनर म्हणतात, ते वगळले तरी बहुतेक घरांत काही बिघडणार नाही. ते धाग्यांवर एक पातळ स्निग्ध थर चढवते. त्या थरामुळे टॉवेल पाणी कमी शोषतो आणि खेळाच्या कपड्यांची घाम बाहेर टाकण्याची क्षमता घटते. पांढरेपणा वाढवणारी चकाकद्रव्येही मळ काढत नाहीत; ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि पिवळट कापड डोळ्यांना पांढरे भासवतात.

धुणे झाल्यावर ऊर्जेचा त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो तो सुकवण्याचा. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा लागते. पिळून झालेल्या कपड्यांत तीन लिटर पाणी शिल्लक असेल, तर ते ड्रायरने काढायला किमान दोन युनिट लागणार, आणि साध्या ड्रायरमध्ये वाया जाणारी उष्णता त्यावर वेगळी. म्हणजे ६० अंशांच्या धुण्याचे पाणी तापवायला जेवढी ऊर्जा लागली, तिच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा सुकवण्यात जाते. पाणी वाफेच्या रूपात काढण्यापेक्षा पिळून काढणे कितीतरी स्वस्त पडते, त्यामुळे ड्रायर वापरणाऱ्यांनी मशीनचे पिळणे आधी वाढवावे. उष्णता-पंपावर चालणारा ड्रायर वाफेतली उष्णता परत वापरतो आणि साध्या ड्रायरच्या निम्म्याच्या आसपास विजेत काम भागवतो. पण या बाबतीत दोरीशी स्पर्धा कोणत्याच यंत्राची नाही. तिथेही पुन्हा वेळच काम करतो. ड्रायरच्या जाळीत जमणारा मऊ बोळा हा आपल्याच कपड्यांतून निघालेला माल असतो, हेही विसरू नये.

दोरीवर वाळलेला टॉवेल कडक का होतो, याचे कारण मोठे गमतीचे आहे. सुती धाग्यांच्या पृष्ठभागावर उरलेले अत्यल्प पाणी शेजारच्या तंतूंना एकमेकांशी जोडून धरते. वाळत घालण्याआधी आणि वाळल्यावर टॉवेल जोरात झटकला, की हे जोड बरेचसे सुटतात. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळत घालावेत, कारण अतिनील किरणांनी रंग विटतो. पांढऱ्या सुती कपड्यांना मात्र तेच ऊन विरंजक म्हणून उपयोगी पडते. विणलेले लोकरी कपडे दोरीवर टांगले तर पाण्याच्या भाराने ओघळतात, ते आडवे पसरून वाळवावेत. इस्त्रीचे कापड किंचित ओलसर असतानाच उतरवले, तर इस्त्री लवकर होते आणि वेगळे पाणी शिंपडावे लागत नाही.

लोकर आणि रेशीम यांना वेगळी वागणूक लागते. दोन्ही प्रथिनांपासून बनलेली असल्याने प्रोटिएज असलेले डिटर्जंट त्यांनाही खाऊ लागते, आणि अल्कधर्मी सोड्याचाही त्यांना त्रास होतो. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात ते चोळले, की खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून जाड होतो. मग तो पूर्ववत होत नाही. थंड पाणी, सौम्य उदासीन डिटर्जंट, न चोळता दाबून पाणी काढणे, एवढे पाळले तरी पुरते. लोकरीतला वास हवेवर लवकर उडून जातो, त्यामुळे रात्रभर हवेवर टांगून ठेवलेला स्वेटर बहुतेक वेळा पुन्हा घालण्यासारखा होतो. ड्राय क्लीनिंगमध्ये पाणी नसले, तरी ते कोरडे नसते. तिथे द्रावक वापरतात, आणि त्यांतले पर्क्लोरोएथिलीन हे द्रावक माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४मध्ये ड्राय क्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत संपवण्याचा नियम केला. अस्तर आणि आतून चिकटवलेले कापड असलेले कोट घरी धुणे जोखमीचे असते. तिथे ब्रश, वाफ आणि हवा यांवर जितके भागवता येईल तितके भागवावे.

किती वेळा धुवावे याला ठरावीक नियम नाही. त्वचेला लागून राहणारे कपडे रोज धुणे योग्यच आहे; पण वरचे जाकीट किंवा जाड जीन्स एकदा अंगावरून उतरली म्हणून लगेच धुण्यात टाकण्याचे कारण नाही. एखादा डाग असेल तर तेवढा भाग धुऊन घ्यावा. ‘घातला की धुण्यात’ ही सवय मशीनमुळे लागली. हाताने चुबकावे लागत होते तेव्हा कपड्याचा वास घेऊन पाहिल्याशिवाय तो कोणी धुण्यात टाकत नसे.

सर्वांत अलीकडे लक्षात आलेला खर्च डोळ्यांना दिसत नाही. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक हे प्लास्टिकचेच धागे आहेत आणि प्रत्येक धुण्यात त्यांचे सूक्ष्म तंतू सुटतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासानुसार ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. पॉलिस्टरसाठी हा अंदाज सुमारे ५ लाखांचा होता. सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रात यातले बरेचसे अडतात, पण ते गाळात उतरतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर तंतूही तिथे पोचतात. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांना २०१९मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट आढळली: ‘नाजूक’ नावाच्या कार्यक्रमात तंतू जास्त सुटतात, कारण त्यात कपड्यांच्या मानाने पाणी खूप असते आणि ते धाग्यांमधून वाहत राहते. म्हणून कृत्रिम धाग्यांचे कपडे मशीन पुरेसे भरून, मात्र न कोंबता, थंड पाण्यात आणि छोट्या कार्यक्रमावर धुवावेत. वेळ वाढवा असे इतका वेळ सांगितल्यावर इथे वेळ कमी करा असे सांगावे लागते, याला इलाज नाही. 

तंतू अडवणाऱ्या बारीक जाळीच्या पिशव्या मिळतात आणि मशीनच्या सांडपाण्याच्या नळीला जोडायच्या गाळण्याही मिळतात. नव्या मशीनमध्ये अशी गाळणी असावी, अशी तरतूद फ्रान्सने २०२०च्या कायद्यात केली आहे. गाळणी बसवणाऱ्यांच्या हातून एक चूक हमखास होते: ती भरली, की ते नळाखाली धरून धुतात आणि अडवलेले सगळे तंतू पुन्हा त्याच सांडपाण्यात जातात. गाळणी आधी वाळू द्यावी, त्यातला बोळा बोटाने खरवडून काढावा आणि बंद पिशवीत घालून कोरड्या कचऱ्यात टाकावा.